जोहार ते कतञ्ञुता : उपकार जाणण्याचा आपला इतिहास

आपल्याकडे कोणताही कार्यक्रम असो, पत्रिकेत सर्वांत शेवटी 'आभारप्रदर्शन' छापलेलं असतं. ते सुरू होईपर्यंत अर्धी मंडळी चपला शोधत असतात आणि उरलेली भोजनदानाच्या रांगेत उभी असतात. आभार मानणारा कार्यकर्ता मंडपवाल्यापासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घाईघाईने वाचतो. त्यात एखादं नाव राहून जातं आणि मग वर्षभर त्यावरून रुसवेफुगवे चालतात. विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्हीही काही लिहा, असा निरोप आला तेव्हा वाटलं, यंदा या शेवटच्या विषयावरच लिहावं. विषय आहे कृतज्ञता. पाली भाषेत तिला कतञ्ञुता म्हणतात. मंगल सुत्तात भगवंतांनी जी ३८ मंगलं सांगितली त्यांत तिची गणना आहे. सुत्त आपण म्हणतो, पण म्हणताना या शब्दावर किती जण थांबतात?

खरं सांगायचं तर हा विषय आपल्या समाजाला वाटतो तितका सोपा नाही. कृतज्ञता हा शब्द आपल्या बापजाद्यांना धम्माने शिकवण्याच्या आधी गावाने शिकवला होता, आणि तो उलटा शिकवला होता. म्हणून आधी ते पान उलटून पाहिलं पाहिजे.

भाकरीचा उपकार

माझी आजी सांगायची, "वाड्यावरनं भाकर आणायची म्हंजी आधी लांब उभं ऱ्हायाचं. मंग जोहार घालायचा. मंग वरनं तुकडा पडायचा, शिळापाका. तो पदरात घ्यायचा अन् म्हणायचं, लई उपकार झाले, मायबाप." हे सांगताना ती हसायची, पण ते हसणं ऐकवत नसे.

आता विचार करा, हा उपकार कशाबद्दल होता? महार वतनाची कामं काय होती हे जुन्या माणसांना सांगायला नको. गावचा निरोप पोचवणं, वेशीवर राखण करणं, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी माणसांच्या दिमतीला रात्रंदिवस उभं राहणं, सारा तालुक्याला नेताना सोबत जाणं. या कामाचा मोबदला म्हणजे बलुतं, थोडीशी इनाम जमीन आणि हे भाकरीचे तुकडे. म्हणजे ती मजुरी होती, आणि तीही अपुरी. पण ती देताना हात वर ठेवायचा आणि घेताना हात खाली, अशी रीत घालून दिल्यामुळे जे हक्काचं होतं त्याला उपकाराचं रूप आलं. मजुरीबद्दल माणसाकडून आभार वसूल करायचे, ही या व्यवस्थेची सगळ्यांत मोठी लबाडी होती. पोट तर अर्धंच भरायचं, पण मान मात्र पुरती वाकायची.

बाबासाहेबांनी ही लबाडी नेमकी ओळखली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी लोकांना उष्टं अन्न आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ते तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. पण कायद्याची वाट न पाहता आपल्या माणसांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव गावकीची कामं टाकून दिली. तेव्हा गावचा पहिला शब्द काय होता? "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत." आमच्या गावीही हेच बोललं गेलं. आजी म्हणायची, "मीठ त्यांचं आसंल, पर घाम कुणाचा व्हता?"

या एका प्रश्नात सगळं आलं. पण त्याचा एक परिणामही झाला. आपल्या घरात वाढलेल्या शिकल्यासवरल्या मुलाला उपकार हा शब्दच नकोसा वाटतो. "आम्ही कुणाचे उपकार मानत नाही, जे मिळालं ते हक्काने मिळालं," असं तो म्हणतो. त्याचा राग खोटा नाही. पण जोहार टाकून देताना त्याच्याबरोबर कृतज्ञताही टाकून दिली तर नुकसान आपलंच आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या कशा हे समजायला तथागतांकडे जावं लागतं.

तथागतांची रीत

कतञ्ञू म्हणजे केलेलं जाणणारा. त्याला जोडून दुसरा शब्द येतो कतवेदी, म्हणजे जाणलेलं कृतीने व्यक्त करणारा. अंगुत्तर निकायात भगवंत म्हणतात की जगात दोन प्रकारची माणसं दुर्मीळ आहेत. एक पुब्बकारी, म्हणजे कुणी काही करण्याआधी स्वतः होऊन दुसऱ्याचं भलं करणारा, आणि दुसरा हा कतञ्ञू कतवेदी. दोघांना एका ओळीत बसवलं आहे, हे ध्यानात घ्या. देणारा वर आणि घेणारा खाली असा भेद इथे नाही.

हे नुसतं सांगितलं नाही, स्वतः आचरलं. संबोधी प्राप्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात भगवंत ज्या पिंपळाखाली बसले होते त्याच्याकडे डोळ्यांची पापणी न लववता पाहत उभे राहिले, असं परंपरा सांगते. बोधगयेला अनिमेषलोचन नावाची जागा आजही दाखवतात. ज्याने सावली दिली त्या झाडालासुद्धा ते विसरले नाहीत. पुढे धम्म प्रथम कोणाला सांगावा हा विचार आला तेव्हा त्यांना आठवण झाली ती आपल्या जुन्या शिक्षकांची, आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांची. दोघांची शिकवण अपुरी वाटली म्हणूनच तर ते त्यांना सोडून निघाले होते. तरीही पहिली आठवण त्यांचीच झाली. ते दोघे हयात नाहीत असं कळल्यावर आठवले ते पाच परिव्राजक, ज्यांनी खडतर तपश्चर्येच्या काळात त्यांची सेवा केली होती. हेच पाच जण पुढे त्यांना तपभ्रष्ट समजून सोडून गेले होते. भगवंतांनी त्यांचं सोडून जाणं मोजलं नाही, त्यांची सेवा मोजली, आणि त्यांच्यासाठी सारनाथपर्यंत पायी गेले. धम्मचक्रप्रवर्तनाच्या मुळाशी अशी कृतज्ञता आहे.

सारिपुत्ताचं उदाहरण तर आपल्यासारख्या संसारी माणसांनी रोज आठवावं असं आहे. राध नावाचा एक गरीब म्हातारा ब्राह्मण प्रव्रज्या मागत होता, पण त्याला घ्यायला कोणी तयार नव्हतं. भगवंतांनी भिक्खूंना विचारलं, या माणसाने केलेलं काही कुणाला आठवतं का? सारिपुत्त म्हणाले, मला आठवतं, राजगृहात भिक्षेला फिरताना याने मला पळीभर अन्न वाढलं होतं. त्या पळीभर अन्नाच्या आठवणीवर राधाला संघात प्रवेश मिळाला. तेच सारिपुत्त आपल्याला धम्माचा पहिला शब्द ऐकवणारे अस्सजी थेर ज्या दिशेला राहत असतील त्या दिशेला डोकं करून झोपत. काही भिक्खूंना वाटलं, हा दिशांची पूजा करतो. भगवंतांनी समजावलं, ही दिशांची पूजा नव्हे, हा गुरूचा आदर आहे.

आणि आईवडिलांविषयी? एका खांद्यावर आई आणि दुसऱ्या खांद्यावर वडील घेऊन शंभर वर्षं सेवा केली तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत, असं अंगुत्तर निकायात आहे. पण उपकार फिटण्याचा एक मार्गही तिथेच सांगितला आहे. ज्यांच्यात श्रद्धा नाही त्यांना श्रद्धेत, दुःशील असतील त्यांना शीलात, कंजूष असतील त्यांना त्यागात आणि अज्ञानात असतील त्यांना प्रज्ञेत जो स्थिर करतो, त्याने उपकार फेडले. म्हणजे मान वाकवणं ही फेड नव्हे. समोरच्या माणसाला अधिक चांगलं माणूस होण्यास मदत करणं ही फेड. जोहार आणि कतञ्ञुता यांतला फरक इथे दिसतो.

दगडावर लिहिलेली आभारपत्रं

ही शिकवण फक्त भिक्खूंपुरती राहिली नाही, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांत आहे. आपण सहलीला लेण्यांवर जातो, मूर्तीसमोर फोटो काढतो आणि परततो. भिंतीवरचे ब्राह्मी लेख वाचून घेत नाही. ते वाचले तर कळतं की लेणी एकट्या राजांनी कोरवली नाहीत.

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात एका हालिकाच्या, म्हणजे नांगर धरणाऱ्याच्या, बाधा नावाच्या बायकोचं दान नोंदलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दरवाजाचं दान दिलं, आणि तिथेच काम केलेल्या सामी नावाच्या सुताराचं नावही कोरलेलं आहे. कान्हेरीत कल्याणच्या सामिदत्त या सोनाराने पाण्याची पोढी दिली, तर कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली. जरा कल्पना करा. श्रावणातल्या पावसात कान्हेरीचा डोंगर चढणाऱ्या भिक्खूंचा पाय घसरू नये म्हणून एका लोहाराने आपल्या कमाईतून वाट केली. त्याला देण्यासारखं अजून काय हवं?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उत्तरेतल्या दत्तामित्री नगराहून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन आहे. त्याने मुलासह लेणं कोरवलं, आणि ते आईवडिलांना उद्देशून दिलं असं लिहून ठेवलं. त्याच डोंगरात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचं लेणं आहे. राजमाता, परदेशी, सोनार, लोहार, सुतार आणि नांगऱ्याची बायको, सगळ्यांची दानं एकाच रांगेत कोरलेली आहेत. या दानाला लेखांमध्ये 'देयधम' असा शब्द येतो. गावच्या वाड्यावर महाराला वरून तुकडा टाकला जाई, आणि इथे लोहार आपल्या नावानिशी दाता होतो. तोच सह्याद्री, पण माणसाची जागा केवढी वेगळी!

आणखी एक गोष्ट हिशेबाची आहे. नाशिकच्याच एका लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेव म्हणून ठेवले. त्यांतले २००० दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४० होतं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. आपल्याला हे पाहून शिकायचं काय, तर भावना आली तेव्हा हार घालून मोकळं व्हायचं नाही. भावना ओसरल्यावरही काम चालू राहील अशी सोय करायची.

बाबासाहेबांच्या अर्पणपत्रिका

दोन हजार वर्षांनंतर ही रीत कुणी पाळली असेल तर ती बाबासाहेबांनी. त्यांनी कुणापुढे मान वाकवली नाही हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरंच आहे. पण त्यांनी कुणाचं ऋण लपवलं नाही, हे सांगायला आपण विसरतो. त्यांच्या ग्रंथांच्या पहिल्या पानांवरच्या अर्पणपत्रिका एकापुढे एक ठेवून पाहा.

१९२३ साली लंडनहून 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांबद्दल कृतज्ञता म्हणून. मुलाला पुस्तक हवं म्हणून सुभेदार रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन पैसे मागत, नसले तर त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत. अर्थशास्त्राच्या त्या जाड ग्रंथामागे बहिणींचे ते गहाण दागिनेही उभे आहेत.

१९२५ साली आलेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराज गायकवाड यांना अर्पण केला. इथे जरा थांबा. सयाजीरावांनी आधी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली अमेरिकेला पाठवलं. पण १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेल्यावर बाबासाहेबांच्या वाट्याला काय आलं? कचेरीतला शिपाई फायली लांबून फेकायचा. राहायला जागा मिळेना, पारशी खानावळीतून लोकांनी हुसकावून लावलं, आणि शेवटी झाडाखाली बसून रडण्याची पाळी आली. हे सगळं त्यांनी जगाला सांगितलं, काही झाकलं नाही. तरीही आठ वर्षांनी महाराजांचे आभार ग्रंथावर छापून मानले. बडोद्याच्या अन्यायाचा पाढा वेगळा आणि सयाजीरावांनी केलेल्या मदतीची नोंद वेगळी. एकाने दुसरी खोडायची नाही, हे फार मोठ्या मनाचं काम आहे.

१९४० च्या अखेरीस आलेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. ती १९३५ साली गेली होती. जिने गोवऱ्या थापून संसार चालवला, तिला जगातल्या विद्वानांनी वाचावा असा ग्रंथ अर्पण झाला. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांना, आणि १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. बाबासाहेब चोखोबांच्या वाटेने गेले नाहीत, पण त्या अंधारात चाललेल्या माणसाचं ऋण त्यांनी मान्य केलं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आठवण काढली. विद्यार्थी असताना समाजाने भरवलेल्या सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. एक पुस्तक, एका मुलाच्या हाती दिलेलं. ते पुढे लाखो माणसांना दीक्षाभूमीपर्यंत घेऊन गेलं. त्याच प्रस्तावनेत त्यांनी आपलं आयुष्य लांबवल्याबद्दल डॉ. मालवणकर आणि पत्नी माईसाहेब यांचे आभार मानले होते. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती.

कटू असलं तरी इथे एक सांगितलं पाहिजे. ज्या बाईंचे आभार खुद्द बाबासाहेबांनी लिहून मानले, त्यांच्याकडे आपल्या समाजाने अनेक वर्षं संशयाने पाहिलं. सरकारी चौकशीत बाबासाहेबांचा मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. पुढे पँथरच्या तरुणांनी माईसाहेबांना मानाने चळवळीत आणलं. २००३ साली त्या गेल्या. बाबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि बाबांनी मानलेलं ऋण मात्र नाकारायचं, याला काय म्हणावं, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. मीही विचारलं, कारण ती कुजबुज लहानपणी मीही ऐकली आणि पुढे सांगितली होती.

कृतज्ञतेची मर्यादा

मग कृतज्ञतेला काही सीमा आहे की नाही? आहे, आणि तीही बाबासाहेबांनीच आखून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांच्या विचाराचा दाखला दिला. ज्यांनी आयुष्यभर देशाची सेवा केली त्यांच्याविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण आपला स्वाभिमान, शील किंवा देशाचं स्वातंत्र्य देऊन कुणी कृतज्ञता दाखवू नये, असा त्याचा आशय. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी याच भाषणात दिला. मतदानाच्या वेळी एका साडीची, एका रस्त्याची, एका ओळखीची परतफेड म्हणून आपण आपलं मत देतो, तेव्हा आपण परत वाड्यासमोर जोहार घालायला उभे असतो. फक्त वाडा बदललेला असतो.

रोजच्या जगण्यातली फेड

आता आपल्या विहाराकडे या. विहाराच्या पंख्यांवर, फरशीवर, पाण्याच्या टाकीवर नावं आहेत, अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांच्याकडून. कुणी त्यावर हसतात. मी हसत नाही. कान्हेरीच्या सोनाराची पोढी आणि आपल्या विहाराची पाण्याची टाकी, दोन्हींचा वंश एकच. पण ज्यांची नावं कुठेच नाहीत त्यांचं काय? पायाचे दगड पाट्यांतून वाहणाऱ्या आयाबाया, घरोघरी फिरून मूठ मूठ तांदूळ गोळा करणाऱ्या, दिवसभर कामावर जाऊन रात्री भिंतीला पाणी मारणारी माणसं? त्यांतली काही अजून आपल्यात आहेत. एखाद्या रविवारी वंदनेनंतर तरुण मुलांनी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावं आणि विहार कसा उभा राहिला ते लिहून घ्यावं. तोच आपला शिलालेख होईल.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असं सांगितलं होतं. शंभरातले पाच रुपये. उषवदाताने ठेव ठेवली होती, आपण निदान अभ्यासिकेतल्या एका मुलाच्या परीक्षेची फी तरी नेमाने भरू शकतो. पैसा नसेल त्याने वेळ द्यावा. आठवड्यातून एक तास गणित शिकवणं हीसुद्धा पायवाट करून देणंच आहे.

घरातही हेच. ज्या आईने चार घरची भांडी घासून शिकवलं, तिला मदर्स डेला फोटो काढून मिरवण्यापेक्षा तिच्या हाताला हात लावून रविवारी एक वेळची भांडी आपण घासावीत. तिला वाचता येत नसेल तर तिच्याजवळ बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' दोन पानं वाचून दाखवावीत. प्रज्ञेत स्थिर करणं म्हणजे याहून वेगळं काय? ज्या मास्तरांनी शिक्षणाला लावलं त्यांना एकदा भेटून यावं. आणि विहाराची साफसफाई करणाऱ्या, गटारं उपसणाऱ्या माणसाचे आभार मानताना त्याची मजुरी वेळेवर आणि पूर्ण द्यावी. मजुरी कमी देऊन वर आभार मानणं म्हणजे जुना वाडा आपण आपल्याच घरात बांधणं होय.

शेवटी कार्यकारिणीला एक नम्र सूचना. या वर्धापनदिनाला आभारप्रदर्शन कार्यक्रमाच्या शेवटी न ठेवता त्रिसरण पंचशीलानंतर लगेच ठेवावं, चपला अजून बाहेर असतात तेव्हाच. आणि पाट्या वाहिलेल्या आजींना पुढच्या ओळीत खुर्चीवर बसवून त्यांची नावं सावकाश वाचावीत. एकही राहू देऊ नये.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!